उलटी स्लाइड

माझ्या हातात चित्रकला नाही. तरी जालन्यात बी.एस्सी.ला असताना कोंबडीच्या भ्रूणाची बरी चित्रं काढू लागलो, त्याचं देणं दोघांकडे जातं: प्राणिशास्त्राचे आमचे सर आणि अंबड तालुक्यातली माझी आजी.

आजीचं आधी. पोल्ट्रीच्या अंड्यात पिल्लू धरत नाही. कोंबडा असलेल्या घरचं गावरान अंडंच लागतं. लोडशेडिंगमुळे इन्क्युबेटरचा भरवसा नसायचा. मग आजी खुडूक कोंबडीखाली अंडी बसवायची आणि मी प्रत्येकावर पेन्सिलीनं तारीख-वेळ टाकायचो. भुसा भरलेल्या डब्यातून ती एसटीनं जालन्याला जात. "फोडायला नेतोस, पाप लागंल रे," म्हणायची. पण द्यायची.

सर अंडं कोमट मिठाच्या पाण्यात फोडत. बलकावरच्या चकतीवर फिल्टर पेपरचं कडं टेकवायचं, भोवतीनं कात्री फिरवायची आणि कड्यासकट भ्रूण उचलून घ्यायचा. बोरॅक्स कारमाइननं रंगवला की मज्जानलिकेच्या दोन्ही बाजूंना सोमाइटच्या, म्हणजे ठोकळ्यांसारख्या खंडांच्या, जोड्या उमटत. त्या मोजायच्या. पुस्तकात 33 तासांचा भ्रूण असे; आजीच्या कोंबडीला त्या तासांचं काय सोयरसुतक? हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन यांनी 1951 मध्ये पिल्लाच्या वाढीच्या 46 अवस्था मांडल्या, तेव्हा त्यांनीही तासांपेक्षा अंगावरच्या खुणांवर भिस्त ठेवली होती. चित्राला एचबी पेन्सिल, एकेरी रेघ, सावलीला फक्त ठिपके. एक डोळा मायक्रोस्कोपला, दुसरा उघडा, कागदावर.

एकदा सरांनी पोटाची बाजू वर आलेली स्लाइड लावली. या वयाचं हृदय पिल्लाच्या उजव्या अंगाला फुगतं; पाठीकडून पाहिलं तर आपल्याही उजवीकडे, पोटाकडून पाहिलं तर डावीकडे. अर्ध्या वर्गाच्या जर्नलात ते उजवीकडेच होतं आणि सोमाइटही पुस्तकाइतकेच. "हे पिल्लू पुस्तकातलं आहे," सर म्हणाले, आणि जर्नलं सही न करता परत. रागवले नाहीत, ते जास्त झोंबलं.

पुढे सरांनीच या चित्रांचा इतिहास सांगितला. माल्पिगीनं 1672 मध्ये बोलोन्याहून लंडनच्या रॉयल सोसायटीला पिल्लाच्या वाढीची चित्रं पाठवली. पांडरनं 1817 मध्ये भ्रूणाचे थर दाखवले, तेव्हा द'आल्टन हा कसलेला चित्रकार त्याच्या मदतीला होता. आणि हेकेल! हात सोन्याचा, पण निरनिराळ्या प्राण्यांचे भ्रूण त्यानं गरजेपेक्षा जास्त सारखे काढले. विल्हेल्म हिसनं 1874 मध्ये त्यावर जाहीर टीका केली, तरी ती चित्रं पुस्तकांतून शंभरावर वर्षं उतरवली गेली. 1997 मध्ये रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी खऱ्या भ्रूणांचे फोटो पुढे ठेवले तेव्हा पुन्हा गदारोळ झाला. माझ्या मते हेकेलइतकाच दोष उतरवून घेणाऱ्यांचा.

आता मोबाइलनं फोटो निघतो, आणि चांगला निघतो. माझी तक्रार नाही. पण जालना, अंबड, परतूर, भोकरदन, कुठल्याही कॉलेजच्या कपाटात प्राणिशास्त्राची जुनी जर्नलं असतील, तर रद्दीत घालण्याआधी एकदा चाळा. ज्यात हृदय डावीकडे असेल, तेवढी तरी ठेवून घ्या.