फोटोसाठी उभी केलेली रांग

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आम्ही सांगलीकडे धान्य आणि चादरींचे दोन टेम्पो घेऊन गेलो होतो. कृष्णाकाठचं गाव. गावठाण उंचावर, आपली वस्ती ओढ्यालगत सखल जागेत. पाणी आधी कुणाच्या घरात शिरणार, हे निसर्गानं ठरवलेलं नव्हतं.

आम्ही काय केलं? बायकांना रांगेत उभं केलं, मागं बॅनर धरला आणि पिशवी देताना ‘जरा थांबा’ म्हणून फोटो काढले. देणगीदारांना पाठवायचे होते ना! एका आजींनी पिशवी खाली ठेवली. म्हणाल्या, “फोटो काढायचा आसंल तर ऱ्हाऊ दे बाळांनो. पंचनाम्यात आमची घरं लिवली न्हाईत, तेवढं बघा.”

आम्ही खजील झालो. चौकशी केली तर गायरानावरची घरं अतिक्रमण म्हणून यादीतून गळाली होती. सातबारा नाही, घराचा उतारा नाही, म्हणजे नुकसानही नाही! आणि मित्रांनो, आम्ही वाटपासाठी जी यादी वापरत होतो, तीही गावातल्या एका पुढाऱ्याच्या घरूनच आलेली. वस्तीला कुणी विचारलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी समाजमंदिरात बसून बायकांनीच नवी यादी केली. प्रत्येक नाव मोठ्यानं वाचलं गेलं. दोन एकट्या म्हाताऱ्या आणि एक भाडेकरू कुटुंब जुन्या यादीत नव्हतंच. मग घरोघरचे अर्ज लिहून तहसीलला दिले. काही घरांचे पंचनामे झाले, काहींचे शेवटपर्यंत झाले नाहीत.

‘भुकेल्याला आधी भाकरी द्या, हक्काचं नंतर बोला,’ असं आपलेच कार्यकर्ते म्हणतात. भाकरी आधीच द्यायची, त्यात वाद नाही. पण भाकरीपाशीच थांबलं की तो दानधर्म होतो. नोव्हेंबर १९३२ मध्ये बाबासाहेबांनी ठक्करांना लिहिलेलं पत्र आपल्या पोरांनी वाचायला हवं. अस्पृश्यांच्या नावानं काढलेल्या संस्थेनं माणसं सुधारण्याच्या फुटकळ कामात शक्ती घालवू नये; विहीर, शाळा, चावडी या नागरी हक्कांसाठी मोहीम काढावी, असं त्यांनी बजावलं होतं. कार्यकर्तेही त्याच समाजातून घ्या, म्हणाले. ते झालं नाही. पुढं ते त्या संस्थेतून बाहेर पडले.

आता यादी वस्ती करते, हिशेब समाजमंदिराच्या भिंतीवर लागतो आणि घेणाऱ्याचा चेहरा फोटोत येत नाही. हे महागात पडतं. जुलै २०२१ मध्ये महाड पाण्याखाली गेलं, तेव्हा एका मोठ्या देणगीदारानं वाटपाचे फोटो मागितले. चवदार तळ्याच्या गावात माणसांना बॅनरपुढं उभं करायचं? आम्ही नाही म्हटलं. पैसे गेले. आमच्यातले दोघे-तिघे चिडले, ‘तुमच्या तत्त्वापायी पन्नास घरांचं धान्य बुडालं’ म्हणाले. त्यांचंही खोटं नव्हतं. रात्री वर्गणीला निघालो तेव्हा सगळ्यात पुढं तेच होते. तीस घरांपुरतं जमलं.