थेंबभर कडू

अँगोस्ट्युरा बिटर्सच्या बाटलीचं लेबल बाटलीपेक्षा मोठं असतं. धाकट्याला थोरल्याचा शर्ट घातल्यासारखा तो कागद मानेपर्यंत वर आलेला. आत ४४.७ टक्के अल्कोहोल, म्हणजे नेहमीच्या व्हिस्कीपेक्षा जास्त. तरी ग्लास भरून ते कुणी पीत नाही. बाटली उलटी करून दोन-तीन झटके मारायचे, बस. अशा एका झटक्याला ‘डॅश’ म्हणतात. एक डॅश म्हणजे साधारण पाऊण ते एक मिली.

मुळात हे औषध. योहान सीगर्ट हा जर्मन डॉक्टर सिमोन बोलिव्हारच्या सैन्यात होता. व्हेनेझुएलात, ओरिनोको नदीकाठच्या अँगोस्ट्युरा गावी, १८२४ साली त्याने पोटाच्या तक्रारींवर हा अर्क बनवला. पुढे गावाचं नाव बदलून सिउदाद बोलिव्हार झालं, धंदा त्रिनिदादला गेला, आणि जुनं नाव फक्त बाटलीवर राहिलं. न्यू ऑर्लिन्सच्या पेशो या औषधविक्याचे लालभडक बिटर्स सॅझरॅकमध्ये जातात, संत्र्याच्या सालीचे ऑरेंज बिटर्स मार्टिनीत. १८०६ साली अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्राने कॉकटेल म्हणजे काय ते सांगितलं, तेव्हा त्यात चारच गोष्टी होत्या: दारू, साखर, पाणी आणि बिटर्स.

एवढ्याशा थेंबांनी होतं काय? ओल्ड फॅशन्डमधून ते काढा, साखर घातलेली व्हिस्की उरते. लोणच्यातली मेथी आठवा. ती वेगळी काढून कुणी चाखत नाही, पण नसली की आंबट, तिखट, खारट सगळे आपापल्या दिशेने पळतात. म्हणूनच बिटर्स स्वयंपाकातही चालतात. व्हॅनिला आइस्क्रीमवर अँगोस्ट्युराचे चार थेंब टाकून बघा, गोडाचा चिकटपणा जातो आणि लवंग-दालचिनीसारखा वास येतो. गाजर हलव्यात गॅस बंद करताना ऑरेंज बिटर्स छान लागतात. फक्त शिजवलं की अल्कोहोल पूर्ण उडून जातो, हा समज खरा नाही. थोडा राहतोच.

हा ‘थोडा’ माझ्या घरात मोठा प्रश्न झाला. नोकरी लागल्यावर मी हौसेने सात प्रकारचे बिटर्स जमवले होते. मग बाबा पुण्याला माझ्याकडे राहायला आले. त्यांनी दारू सोडून आठ महिने झाले होते. सोडली म्हणजे डॉक्टर, समुपदेशक, आईचे अबोले, सगळं होऊन सोडली. ते यायच्या आधी व्हिस्की आणि जिन मित्राकडे पोचवल्या. बिटर्सचं काय करायचं?

इंजिनिअर असल्यामुळे आधी हिशोब केला. तीन डॅश म्हणजे अडीच मिली, त्यात अल्कोहोल सव्वा मिलीच्या आतच. २५० मिली सोड्यात अर्धा टक्कासुद्धा नाही. बियरमध्ये साधारण पाच टक्के असतो. आकडा निर्धोक दिसत होता. समुपदेशक म्हणाले, “प्रश्न टक्क्यांचा नाही. घरात ती बाटली आहे, आणि त्यातलं ‘थोडं चालतं’ असं आपण ठरवलंय, हा आहे.” सातही बाटल्या मित्राकडे गेल्या.

पण बाबांची अडचण वेगळीच होती. “संध्याकाळी सात वाजता हातात काय धरायचं, तेवढं सांग,” ते म्हणाले. “लिंबू सरबत नको. ते पाहुण्यांच्या पोरांना देतात.”

मला ते पटलं. गोड पेय दोन घोटांत संपतं. कडू हळूहळू प्यावं लागतं, त्यात वेळ जातो. आणि बाबांना नेमका तो एक तास घालवायचा होता.

अँगोस्ट्युराच्या लेबलवर जेन्शनचं नाव असतं. युरोपातल्या डोंगरांवरचं हे कडू मूळ. त्याच्याच कुळातली हिमालयातली वनस्पती म्हणजे आपलं काडेचिराईत. दोन्हींत अमॅरोजेंटिन असतं, माहीत असलेल्या सर्वांत कडू नैसर्गिक पदार्थांपैकी एक. म्हणजे जे मी परदेशी बाटलीत विकत घेत होतो, त्याचं चुलत भावंड काष्ठौषधींच्या दुकानात पुडीत बांधून मिळत होतं.

बाबांच्या डॉक्टरांना विचारून घेतलं, कारण चिराईत रक्तातली साखर उतरवू शकतं. मग दोन काड्या, वाळलेली संत्र्याची साल, दालचिनीचा तुकडा आणि एक लवंग कपभर उकळत्या पाण्यात रात्रभर ठेवलं. सकाळी गाळलं. संध्याकाळी थंड सोडा, लिंबाची फोड आणि याचा एक चमचा.

बाबांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. मला वाटलं संपलं. मग म्हणाले, “ही तर आमच्या आईची चव. पावसाळा संपला की रांगेत उभं करून पाजायची.” ग्लास संपायला चाळीस मिनिटं लागली. त्यांनी आजीबद्दल जे सांगितलं, ते मी आधी कधीच ऐकलं नव्हतं.

अल्कोहोल चव खेचून घेतो आणि वर्षानुवर्षं टिकवतोही. पाण्याला दोन्ही तितकं जमत नाही. त्यामुळे आमची बाटली फ्रिजमध्येसुद्धा तीन-चार दिवसच टिकते. तिच्यावर चिकटपट्टी लावून बाबा तारीख लिहितात आणि संपायच्या आदल्या रात्री स्वतःच पाणी उकळायला ठेवतात.