गाठ

मराठीत 'गाठ' हा शब्द फार कामाचा. लग्नगाठ, खूणगाठ, पदराची गाठ, मनातली गाठ. वर्गात हे सगळे अर्थ फळ्यावर लिहून द्यायची मी. सध्या मात्र ज्या गाठीनं माझी झोप उडवलीय, ती यातली नाही.

मागच्या मंगळवारी आंघोळ करताना डाव्या बाजूला, काखेजवळ, हरभऱ्याएवढं काहीतरी हाताला लागलं. दाबून पाहिलं, दुखेना. 'दुखत नाही ना, मग राहू दे' असं आपल्याकडच्या बायका म्हणतात. खरं तर स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. स्तनातल्या बऱ्याच गाठी साध्या निघतात हे खरं, पण वय वाढतं तशी शंकाही वाढते. मी तर सत्तरी ओलांडलेली.

संध्याकाळी सुनेला सांगितलं. मुलापुढे मात्र शब्दच फुटेना. 'छातीत' म्हणावं तर त्याला हृदयाचं वाटणार, आणि दुसरा शब्द आईनं मुलापुढे उच्चारायचा कसा? जन्मभर मुलांना मराठी शिकवली, पण हा एक दोन अक्षरी शब्द काही तोंडातून बाहेर येईना. शेवटी सुनेनंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सेलूहून रेल्वेनं परभणीला निघालो. मानवत रोड येईपर्यंत कुणीच बोललं नाही. मग मुलानं हळूच विचारलं, "आई, दुखतंय का गं?" तेवढ्यानं अर्धं ओझं उतरलं.

सोनोग्राफी झाली, सुईनं तुकडा काढून तपासणीला पाठवला. रिपोर्ट सोमवारी. आज शनिवार. दिवस कसाबसा जातो, रात्र जात नाही. हात सारखा तिथंच जातो.

मुंबईच्या टाटा रुग्णालयानं १९९८ पासून वीस वर्षं चालवलेल्या एका अभ्यासाबद्दल परवा वाचलं. वस्त्यांमधल्या दीड लाखावर बायका त्यात होत्या. त्यातल्या निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी बायकांचे स्तन नुसत्या हातानं तपासले. यंत्र नाही, काही नाही. २०२१ साली निष्कर्ष छापून आले. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये या रोगानं होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले होते. मला त्यात एक गोष्ट महत्त्वाची वाटली. कुणीतरी दार वाजवून विचारलं, म्हणून त्या बायका बोलल्या. आपल्या गावात असं दार कोण वाजवणार? आपलं आपणच बोलायचं.

सोमवारी काय यायचं ते येईल. ते इथं कळवीनच. पण भाच्यांनो, पुतण्यांनो, सुनांनो, तुम्ही हे वाचता म्हणून सांगते. हाताला गाठ लागली, कातडीला खळी पडली, बोंडातून रक्त आलं, तर दिवस मावळायच्या आत घरात कुणाला तरी सांगा आणि डॉक्टरांकडे जा. सांगायला शब्द सापडत नसेल, तर माझा हा लेख त्यांच्यापुढे ठेवा. मी तो शब्द इथं लिहून ठेवलाय.