अदब

सारंगखेड्यास तापीच्या काठी दत्तजयंतीच्या सुमारास जो घोडेबाजार भरतो, तेथून आणलेला एक काठेवाडी कुमैत आमच्या पागेत दाखल झाला, तेव्हा त्याच्या अंगी खोड म्हणावी अशी एकच होती: तो लाथ मारीत नसे, चावत नसे, मात्र समोर माणूस उभा आहे ही गोष्टच त्याच्या खिजगणतीत नसे. चंदीचा तोबरा घेऊन मोतद्दार ठाणाशी आला, की हा खांदा पुढे घालून त्यास भिंतीपर्यंत रेटीत नेई. आणि साडेतीनशे किलोंच्या जनावराने रेटले म्हणजे, त्यात द्वेषाचा लवलेश नसला तरी, बरगडी मोडावयाची ती मोडतेच. सलोतरी (शालिहोत्र मुनींचे नाव या शब्दात अद्याप नांदते आहे) दात, पाठ, खूर पाहून गेला. दुखणे कसलेच नव्हते.

शिंगरू असता त्यास हातावर गूळ भरवून वाढविले, असे विकणाऱ्याने मोठ्या कौतुकाने सांगितले होते. शिंगरू खिसा हुंगते, अंगाला डोके घासते, माणसे हसतात आणि एक पाऊल मागे सरतात. ते मागे सरलेले पाऊल त्याच्या दफ्तरी कायमचे नोंदले जाते.

पहिल्या आठवड्यात मी चूक केली. त्याने रेटले, की दोराच्या शेवटाने मी त्याच्या तोंडावर मारी. खोड पायांत होती आणि शिक्षा तोंडास मिळाली. परिणामी खांदा पूर्ववत् रेटीतच राहिला, आणि हात उचलताच मान झटकून म्होरकी चढवू न देण्याची नवी खोड तेवढी पदरी पडली.

मग एका सकाळी, चंदीची वेळ टाळून, त्यास मोकळ्या मैदानात नेले. कपाळाच्या अगदी समोरचे थोडके अंतर घोड्यास दिसत नाही, म्हणून डाव्या खांद्याच्या रेषेत उभा राहिलो आणि त्याच्या छातीवर बोटांची टोके टेकविली. तो उलट अंगावरच रेलला. दाबास दाबाने उत्तर देणे हा त्याचा स्वभावच. मी दाब वाढविला नाही, काढलाही नाही. टोके एकमेकांस भिडणारे ते बाकदार कान एकदा माझ्याकडे वळले, भार मागच्या पायांवर गेल्यासारखा वाटला, आणि पाऊल उचलले जाण्यापूर्वीच मी हात खाली सोडला. तो थबकला, मान उतरली, ओठ चाटू लागला. घोडा दाबाने शिकत नाही. दाब सुटतो त्या क्षणाने शिकतो, आणि तो क्षण हुकला तर तासाची मेहनत व्यर्थ जाते. त्या सकाळी मागे गेलेल्या त्या भारावरच मी समाधान मानले.

पुढचे काम पागेतल्या माणसांचे होते, आणि तेच कठीण गेले. तोबरा हातभर अंतरावर उभ्या राहिलेल्या घोड्यासच मिळेल, असा हुकूम सर्वांस दिला. तरी एका मोतद्दाराने मायेपोटी चोरून गूळ चारला, आणि चार दिवस सरलेला खांदा पाचव्या दिवशी पुन्हा पुढे आला.

आज तोबरा दिसताच तो आपण होऊन दोन पावले मागे सरतो. ज्यांच्या दारी शिंगरू आहे त्यांस माझी कळकळीची विनंती आहे, की गूळ जरूर द्यावा; मात्र तो हातावर न देता घमेल्यात ठेवून द्यावा.