इंटरसेप्टर आणि चेतक

तर झालं असं, की तीन आठवडे रखडलेलं रिलीज शुक्रवारी रात्री एकदाचं गेलं आणि मी ठरवलं की शनिवारी लॅपटॉप उघडायचा नाही म्हणजे नाही. आई मावशीकडे गेली होती, म्हणजे टीव्हीवर माझं राज्य. दुपारी जेवणं आटोपल्यावर मी 'मॅड मॅक्स : फ्युरी रोड' लावला. हा पिक्चर मी २०१५ मध्ये, सेकंड इयरला असताना, पहिल्यांदा थेटरात पाहिला. मग होस्टेलवर लॅपटॉपवर दोनदा. त्यानंतरचे आकडे सोडून द्या.

बाबा दिवाणावर पेपर तोंडावर घेऊन पडले होते. मला वाटलं झोपले. पडद्यावर वाळवंट, ढोल, गाड्यांचा गदारोळ. पंधरा-वीस मिनिटांनी पेपरच्या खालून आवाज आला, "जरा थांबव गं."

मी थांबवलं. बाबा उठून बसले, चष्मा लावला आणि टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन म्हणाले, "ही दोन इंजिनं एकत्र जोडलीयत? मग गिअरबॉक्स कसा बसवला असेल?"

आमचे बाबा भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं टूलरूमला होते. तीन वर्षांपूर्वी रिटायर झाले. तेव्हापासून सोसायटीतला एकही मिक्सर, पंखा, इस्त्री बिघडलेल्या अवस्थेत शांतपणे पडून राहू शकलेली नाही. त्यामुळे प्रश्न विचारल्याचं नवल नव्हतं. नवल हे, की त्यांनी त्यानंतर रिमोटच मागून घेतला. "आणि हिंदीत लाव. इंग्रजी वाचेपर्यंत गाडी पुढे जाते."

हिंदी डबिंगला मी एरवी नाकं मुरडते. पण अमेरिकेत पहिला 'मॅड मॅक्स' १९८० मध्ये लागला तेव्हा त्यातले ऑस्ट्रेलियन उच्चार लोकांना कळणार नाहीत म्हणून तो इंग्रजीतून इंग्रजीतच डब केला होता! खुद्द मेल गिब्सनचा आवाज दुसऱ्याचा. मग बाबांनी हिंदी मागितली तर काय बिघडलं?

दोन तासांचा पिक्चर आम्हाला साडेतीन तास पुरला. बाबा गोष्ट बघतच नव्हते. खलनायकाची ती दुमजली गाडी म्हणजे १९५९ च्या दोन कॅडिलॅक एकावर एक चढवलेल्या आहेत आणि तिच्यात खरोखरची दोन व्ही-एट इंजिनं आहेत, हे मी सांगितल्यावर त्यांनी तो सीन चार वेळा पाहिला. गिटारमधून आग फेकणारा माणूस आला तेव्हा मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. म्हटलं आता हसतील. तर म्हणाले, "गॅसची टाकी कुठे लपवलीय?" ती आगही खरी होती, सांगितलं. "दिसतंय ना," म्हणाले.

आणि एका ठिकाणी ते काहीच बोलले नाहीत. गढीवरच्या त्या पांढऱ्याफटक पोरांची स्टिअरिंगं एका ठिकाणी देवासारखी मांडून ठेवलेली असतात. ज्याचं त्याचं वेगळं. मोहिमेवर निघताना प्रत्येक जण आपापलं उचलतो आणि गाडीला लावतो. तिथे बाबांनी पिक्चर थांबवला, थोडा वेळ बघितलं आणि पुन्हा सुरू केला. त्याचं कारण मला तेव्हा लक्षात आलं नाही. ते पुढे येईलच.

आता थोडं या पिक्चरवेड्यांविषयी.

जगबुडीनंतरचे पिक्चर ढिगाने आहेत, पण माणसं ज्यांच्यासाठी हातात करवत घेतात तो मॅड मॅक्सच. कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात २०१० साली 'वेस्टलँड वीकेंड' नावाचा मेळा सुरू झाला. नियम एकच कडक, पोशाखाशिवाय आत प्रवेश नाही. बघे म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून जाता येत नाही. लोक महिनोनमहिने खपून जुन्या गाड्यांना पत्रे, खिळे, साखळ्या ठोकतात, जुन्या टायरचे खांदे शिवतात, आणि तिसऱ्या भागात आहे तसल्या लोखंडी घुमटात रबरी दोरांना लटकून लुटूपुटूची लढाई करतात. तिकडे ऑस्ट्रेलियात, ब्रोकन हिलजवळ सिल्व्हर्टन नावाचं चिमुकलं गाव आहे. दुसरा भाग या परिसरात चित्रित झाला. एक इंग्रज माणूस या पिक्चरच्या वेडापायी बायकोमुलांसकट आपला देश सोडून तिथे राहायला गेला आणि २०१० मध्ये त्याने तिथे चक्क या एका पिक्चरचं म्युझियम काढलं. आपल्याकडे ऑनसाईटला जायचं तरी दहा वेळा विचार करतात लोक!

आम्हीही होस्टेलला असताना गॅदरिंगला हा प्रकार केला होता. चहाच्या पाण्यात बुडवून मळकट केलेल्या ओढण्या, पुठ्ठ्याचे खांदे, गॅरेजवाल्याकडून मागून आणलेले जुने स्पार्क प्लग ओवून केलेली माळ. फ्युरिओसा कपाळाला ग्रीस फासते, आम्ही काजळाच्या तीन डब्या संपवल्या. ते काजळ दोन दिवस निघालं नाही आणि परीक्षकांनी आम्हाला "तुम्ही नेमकी कुठली भुतं?" असं विचारलं. असो.

मला नेहमी प्रश्न पडायचा की हाच पिक्चर का? अंतराळातल्या पिक्चरचे चाहतेही तलवारी-हेल्मेटं बनवतात. पण तिथे सगळं गुळगुळीत लागतं, एक ओरखडा आला की मजा गेली. इथे उलटं आहे. खिळा वाकडा बसला तरी चालतो, किंबहुना तोच शोभतो. सामान काय लागतं? जे घरात अडगळीत पडलंय तेच. ज्याला काही जमत नाही त्यालाही इथे सुरुवात करता येते.

आणि हे मूळ पिक्चरपासूनच आहे. जॉर्ज मिलर हा पेशाने डॉक्टर. इमर्जन्सीत अपघाताच्या केसेस बघितलेला. १९७९ चा पहिला भाग त्याने आणि त्याचा मित्र बायरन केनेडीने जेमतेम साडेतीन-चार लाख ऑस्ट्रेलियन डॉलर्समध्ये उभा केला. पैसे इतके कमी, की सुरुवातीच्या पाठलागात फोडायला मिलरने स्वतःची व्हॅन दिली. पुढे 'फ्युरी रोड'ला पैसा भरपूर होता, सहा ऑस्करही मिळाली, वेशभूषा आणि कलादिग्दर्शन धरून. पण सवय तीच, टाकलेल्या वस्तूला दुसरा जन्म द्यायचा. चाहते पिक्चरची नक्कल करतात असं आपण म्हणतो. खरं तर पिक्चरमधली माणसं जे करतात तेच ते करत असतात.

रविवारी आम्ही दुसरा भाग पाहिला, १९८१ चा. त्यात मॅक्सची ती काळी गाडी आहे, इंटरसेप्टर. मूळची १९७३ ची फोर्ड फाल्कन. बॉनेट फाडून वर आलेला सुपरचार्जर बघून बाबा म्हणाले, "हे असं बटणाने चालू-बंद होत नसतं." बरोबर आहे, तो नुसता दिखाऊच होता. पिक्चरमध्ये ही गाडी शेवटी स्फोटात उडते. बाबांना वाईट वाटलेलं दिसलं, म्हणून मी मोठ्या उत्साहाने तिची खरी गोष्ट सांगायला घेतली.

उडवली ती दुसरी, नकली गाडी. खरी वाचली. पण शूटिंग संपल्यावर ती कुणालाच नको होती, म्हणून भंगारात गेली. भंगारवाल्याने ती चेपली नाही. तशीच पडून राहिली. मग काही वर्षांनी एका चाहत्याने ती शोधून विकत घेतली, दुरुस्त केली आणि लोकांना दाखवायला लागला. पुढे ती इंग्लंडमधल्या केझिकच्या म्युझियममध्ये होती आणि तिथून अमेरिकेत फ्लोरिडाला गेली. जगभर लोक तिच्या प्रतिकृती बनवतात त्या या गाडीच्या, जी एका भंगारवाल्याच्या मर्जीवर वाचली.

मी हे सगळं सांगत होते आणि बोलता बोलता मला कळलं की मी कोणासमोर काय सांगतेय. माझी वाक्यं हळूहळू छोटी होत गेली.

आमच्याकडे चेतक होती. एमएच-१४, राखाडी. माझ्या जन्माच्या आधीपासूनची. बालवाडी ते दहावीपर्यंत मी तिच्यावर पुढे उभी, मग मागे बसून फिरलेय. सुरू होत नसली की बाबा तिला तिरकी करायचे, पुन्हा सरळ करून किक मारायचे, आणि तरीही नाही झाली तर डिकीतून पाना काढून प्लग पॉलिश पेपरने घासायचे. मी प्लगवर फुंकर मारायची, हे माझं काम. शेवटची काही वर्षं ती पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभीच होती. मला नोकरी लागली, पहिल्या पगारातून साठवून मी स्कूटी घेतली आणि जागेचा प्रश्न आला. सोसायटीची नोटीस लागली होती हे खरं. पण नोटीस नसती तरी मी तेच म्हटलं असतं. "बाबा, काय करायचंय ते धूड ठेवून? चालत नाही, कागद संपलेत." हे २०१९ मध्ये. भंगारवाल्याने अडीच हजार दिले. बाबांनी ते पैसे माझ्याच हातात ठेवले. मी त्याचं हेल्मेट घेतलं.

त्या विषयावर घरात पुन्हा कधी बोलणं झालं नव्हतं.

रविवारीही झालं नाही. बाबा एवढंच म्हणाले, "बरं झालं, वाचली." आणि चहा टाकायला गेले.

पुढच्या शनिवारी मी बाजारातून अडीचशे रुपयांचा प्लॅस्टिकचा खेळण्यातला टँकर आणला. म्हटलं, चला, फ्युरिओसाचा टँकर बनवू. बाबांनी बाल्कनीत चटई घातली, छोटा व्हाईस स्टुलाला बांधला, कानशी मांडल्या. पेनच्या रिफिली कापून सायलेन्सर केले, बंद पडलेल्या गजराच्या घड्याळाची चाकं बंपरला लावली, आईच्या हरवलेल्या समजल्या गेलेल्या हुकांची साखळी केली. बाबा प्रत्येक रिफिल व्हर्निअरने मोजून कापत होते.

"बाबा, जग संपलंय. व्हर्निअर कोणाकडे असणार?"

"फिटर जिवंत असेल तर व्हर्निअर असणारच," ते म्हणाले.

रंगाच्या वेळी मात्र भांडण झालं. गंज दाखवायची एक युक्ती असते. आधी तपकिरी रंग द्यायचा, वाळला की पाणी मारून वर जाडं मीठ भुरभुरायचं, मग मुख्य रंग फवारायचा. सुकल्यावर ब्रशने मीठ झाडलं की रंगाचे पोपडे निघून खालचा गंज दिसतो. मी मीठ घेऊन आले तर बाबांनी टँकर उचलून बाजूला घेतला. "आयुष्य गेलं माझं गंज काढण्यात, आणि तू मुद्दाम लावतेस?" बरंच समजावल्यावर एका बाजूला मीठ मारायची परवानगी मिळाली. दुसरी बाजू बाबांची, चकाचक. आमचा टँकर डावीकडून जगबुडीनंतरचा आणि उजवीकडून शोरूममधला दिसतो.

संध्याकाळी मी पसारा आवरत होते तेव्हा बाबा आत गेले आणि कपाटाच्या वरच्या खणातून कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. चेतकचा स्पीडोमीटर. गाडी न्यायला माणूस आला त्या सकाळी त्यांनी तो काढून ठेवला होता. काच पुसलेली, काटा शून्यावर. आकडा ६८,४१२ वर थांबलेला.

"हा कुठे बसतोय का बघ," म्हणाले.

टँकरच्या मानाने तो फारच मोठा होता, कुठेही बसण्यातला नव्हता. मला ती स्टिअरिंगं आठवली, ओळीने मांडलेली. मी म्हटलं, "बाबा, तेव्हा विकायला नको होती. मी फार घाई केली."

"जागा कुठे होती?" ते म्हणाले. मग जरा वेळाने, "मी पण काही बोललो नाहीच ना."

आम्ही तो टीव्हीच्या खालच्या फळीवर ठेवलाय, टँकरच्या शेजारी. त्याच्या कडेला थोडा गंज चढायला लागलाय, खराखुरा, मिठाशिवायचा. मी म्हटलं असू दे, छान दिसतो. बाबा काल पॉलिश पेपर घेऊन बसले होते. कडेची धूळ उडवायला फुंकर मारायची होती, तर मला हाक मारली.

पुढच्या शनिवारी तिसरा भाग. हिंदीत मिळाला तर बरं.