वाळूचा दांडा आणि मर्यादवेल



दोन घरांचा दाखला मी गेली अठरा वर्षं धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवते आहे. एक घर खडकावर, दुसरं वाळूवर. दरवर्षी पुठ्ठ्याची दोन घरं करते. एक पाट्यावर ठेवते, दुसरं परातीतल्या वाळूवर, आणि तांब्याने पाणी ओतते. वाळूवरचं घर कललं की मुलं टाळ्या वाजवतात. खडक चांगला, वाळू वाईट. प्रार्थना होते, बिस्किटं वाटली जातात, वर्ग सुटतो.

गेल्या ऑगस्टमध्ये हाच दाखला मी एका माणसाच्या तोंडावर फेकला. आज तेच सांगायचं आहे.

हैदराबादेत आम्ही मराठी बोलणारे ख्रिस्ती लोक मूठभर. काहींचे पूर्वज निजामाच्या काळात जालना-औरंगाबादकडून आले, काहींना रेल्वेच्या नाहीतर लष्कराच्या नोकरीने आणलं. माझे वडील वसईहून सिकंदराबादला आले आणि इथलेच झाले. महिन्याच्या चौथ्या रविवारी आमची मराठी मिस्सा होते. एके काळी बाक कमी पडायचे. आता वीस-बावीस माणसं येतात, त्यांतली निम्मी साठीच्या पुढची. ही मिस्सा चालू ठेवायची की नाही, असा प्रश्न धर्मग्रामाच्या बैठकीत दोनदा निघाला आहे.

त्या दिवशी एक तरुण बाप मिस्सेनंतर माझ्याकडे आला. म्हणाला, "बाई, घरात बायको तेलुगू बोलते, शाळा इंग्रजी. मुलगी तुमच्या वर्गात नुसती बसून राहते. तिला इंग्रजी वर्गात घालू म्हणतो." बैठकीतला राग माझ्या मनात होताच. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "वाळूवर घर बांधताय तुम्ही. उद्या पडलं की माझ्याकडे येऊ नका."

तो काही बोलला नाही. त्यानंतर ते कुटुंब मराठी मिस्सेला आलं नाही. त्याची आई तेवढी एकटी यायची, शेवटच्या बाकावर बसायची आणि माझी नजर चुकवून निघून जायची. मी मनाशी म्हणायचे, आपले लोक वाळूसारखेच. मूठ जितकी घट्ट आवळावी तितके निसटतात.

जानेवारीत आमचा तेहतीस जणांचा गट चेन्नईला तीर्थयात्रेला गेला. सांथोमला संत थोमाच्या कबरीपाशी मिस्सा झाली, डोंगरावरचं चर्च पाहिलं. परतीच्या दिवशी फादर म्हणाले, बस उत्तरेकडे नेऊ, वाटेत पुलिकत पाहू. तमिळमध्ये त्या गावाला पळवेर्काडु म्हणतात. चेन्नईपासून साधारण साठ किलोमीटर.

तिथली जमीन आधी डोळ्यांपुढे आणा. पश्चिमेला खाऱ्या पाण्याचं भलं मोठं, उथळ सरोवर. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात याला खाजण म्हणतात. ओडिशातल्या चिल्कानंतर असं मोठं सरोवर देशात हेच. पूर्वेला बंगालचा उपसागर. आणि दोघांच्या मध्ये वाळूचा लांबलचक दांडा. लाटांनी आणि वाऱ्याने आणलेली वाळू हजारो वर्षं साठत जाऊन तो झाला. उत्तरेकडचा त्याचा मोठा भाग म्हणजे श्रीहरिकोटा बेट, आपण ज्याचं नाव रॉकेट उडालं की ऐकतो ते. दक्षिणेला पुलिकतचं दीपगृह असलेली पट्टी. मध्ये एक अरुंद मुख, तिथून समुद्र आत येतो आणि सरोवर बाहेर जातं. या दांड्यात कुठे खडक नाही. सगळी वाळू.

आम्ही आधी महिमा मातेच्या चर्चमध्ये गेलो. मूळ चर्च पोर्तुगीजांनी १५१५ साली उभारलेलं, आताची वास्तू नवी आहे. माळेचे पाच दशक म्हटले आणि डचांची दफनभूमी पाहायला गेलो. दारावर दगडात कोरलेले मानवी सांगाडे आहेत. आत मोठमोठ्या शिळा, त्यांवर घराण्यांची चिन्हं आणि सुबक अक्षरं. डच इथे सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आले. १६१३ साली त्यांनी गेल्ड्रिया नावाचा किल्ला बांधला आणि १६९० पर्यंत साऱ्या कोरोमंडल किनाऱ्याचा कारभार इथून हाकला. कापड गेलं, बंदुकीची दारू गेली, आणि माणसंही गेली. दुष्काळात विकली गेलेली, पकडलेली हजारो माणसं इथून गुलाम म्हणून जहाजांत भरून बटाव्हियाकडे पाठवली गेली. पाठवणारे ख्रिस्ती होते. रविवारी उपासना करणारे होते. ते वाचून आमच्या गटातली एक मावशी हळूच म्हणाली, "यांनी बायबल वाचलं नव्हतं का गं?" मला उत्तर देता आलं नाही.

त्याच किल्ल्याच्या वस्तीत १६३२ ते १६४२ अशी दहा वर्षं अब्राहम रॉजेरियस नावाचे डच धर्मोपदेशक राहिले. पद्मनाभ नावाच्या एका ब्राह्मणाजवळ बसून ते इथल्या लोकांचा धर्म, चालीरीती समजून घेत राहिले, आणि त्याच्याच मदतीने त्यांनी भर्तृहरीची सुभाषितं डच भाषेत उतरवली. ते पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १६५१ साली छापलं गेलं. मी बी.ए.ला मराठी घेतलं होतं. त्याच शतकात वामन पंडितांनी भर्तृहरी मराठीत आणला, तो आम्हाला अभ्यासाला होता. एका बाजूला माणसं बाहेर विकणारी भिंत, आणि त्याच भिंतीच्या सावलीत दुसऱ्याचं बोलणं ऐकत बसलेला एक माणूस. आता तो किल्ला झाडाझुडपांत गाडला गेला आहे. दगडाचा होता तो. पडला. वाळूचा दांडा अजून आहे.

दुपारी पूल ओलांडून आम्ही दीपगृहाकडच्या पट्टीवर गेलो. तिथल्या मच्छीमार वस्तीतले एक वयस्क गृहस्थ आमच्याबरोबर चालू लागले. त्यांना तेलुगू येत होतं, म्हणून आमचं जमलं. मी त्यांना अण्णा म्हणत होते, ते मला अम्मा. किनाऱ्यावर चालताना माझा पाय वेलीत अडकला. खाली पाहिलं तर जाड, चकचकीत, आपट्यासारखी दुभंगलेली पानं आणि जांभळट गुलाबी कर्ण्यासारखी फुलं. लहानपणी वसईच्या किनाऱ्यावर आजीने दाखवलेली तीच वेल. तोंडातून नाव आपोआप आलं: मर्यादवेल!

अण्णांना मी तिचा उपयोग विचारला. त्यांनी खाली बसून एक धागा उचलला. वेल वाळूवर पसरत जाते आणि पेराला पेराला मूळ धरते. वाऱ्याने उडालेली वाळू तिच्या पानांशी अडते आणि साठते. वेल तिच्याखाली गाडली जाते, पुन्हा वर येते, पुन्हा गाडली जाते. असं होता होता टेकडी तयार होते. मग तिथे गवत येतं, झुडपं येतात. अण्णा म्हणाले, "अम्मा, ही कापली तर वाळू जाते. वाळू गेली तर समुद्र घरात येतो."

२००४ साली नाताळच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, त्सुनामी या किनाऱ्यावर आली. त्यानंतर तमिळनाडूत ठिकठिकाणी दिसून आलं की जिथे वाळूच्या टेकड्या आणि झाडोरा शाबूत होता, तिथे मागच्या वस्तीचं नुकसान कमी झालं.

मला तिथेच यिर्मयाच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय आठवला. परमेश्वर विचारतो, तुम्हाला माझं भय नाही का? आणि आपली ओळख सांगताना म्हणतो की समुद्राला मी वाळूची मर्यादा घातली, लाटा कितीही गर्जल्या तरी ती ओलांडत नाहीत. मी हे वचन कितीदा वाचलं असेल. पण देवाने समुद्र अडवायला खडक नव्हे, वाळू निवडली, हे कधी माझ्या ध्यानात आलं नव्हतं. अब्राहामाला संततीचा आशीर्वाद देतानाही त्याने समुद्रकाठच्या वाळूचीच उपमा दिली. आणि आमच्या आजीच्या भाषेने त्या वाळूला धरून ठेवणाऱ्या वेलीचं नाव मर्यादवेल ठेवलं!

अण्णांनी पुढे आणखी एक गोष्ट दाखवली. या दिवसांत रात्री समुद्री कासविणी याच किनाऱ्यावर चढतात, आपल्याकडे रत्नागिरीतल्या वेळासला येतात त्याच जातीच्या. मागच्या पायांनी खड्डा करतात, शंभराच्या आसपास अंडी घालतात, वाळूने झाकतात आणि निघून जातात. पुढचे पन्नासेक दिवस वाळूच त्यांची आई. खडकात कासवीण अंडी घालू शकत नाही.

मग त्यांनी उत्तरेकडे हात करून सरोवराचं मुख कुठे आहे ते सांगितलं. उन्हाळ्यात तिथे वाळू साचते आणि मुख बंद होत येतं. मग समुद्राचं पाणी आत येत नाही, कोळंबीची आणि माशांची पिल्लं आत येत नाहीत, सरोवराचं पाणी आटून जास्त खारट होतं. तेव्हा माणसं मिळून वाळू उपसतात, तोंड मोकळं करतात. अण्णा म्हणाले, "दांडा नसेल तर सरोवर नाही. तोंड बंद झालं तरी सरोवर नाही."

बंधुभगिनींनो, मी तिथेच वाळूत बसले. मला तो तरुण बाप दिसत होता. मी मर्यादा सांभाळत होते खरी, पण तोंड बुजवलं होतं. त्याची मुलगी आत येऊ शकत नव्हती, आणि आत असलेले आम्ही दिवसेंदिवस जास्त खारट होत होतो.

तिथून आमची बस आंध्रात सुल्लुरपेटेला गेली. तिथून श्रीहरिकोट्याला जाणारा रस्ता सरोवराच्या मधून जातो. अवकाश केंद्राच्या फाटकाकडे आम्ही गेलो नाही, अलीकडेच थांबलो. या बेटावरून ९ ऑक्टोबर १९७१ रोजी पहिलं छोटं रॉकेट उडालं आणि १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ निघालं. तळासाठी बेट घेतलं गेलं तेव्हा तिथल्या वस्त्यांना जागा सोडावी लागली. यानादी आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या त्या जंगलात राहत आले होते. चंद्राकडे पाहताना त्यांचीही आठवण ठेवावी, असं फादर बसमध्ये म्हणाले आणि आम्ही त्यांच्यासाठी एक प्रार्थना केली.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गुडघाभर पाण्यात रोहित पक्षी उभे होते. शेकडो. मान खाली, चोच उलटी करून पाणी गाळत होते. पिल्लू जन्मतं तेव्हा करडं असतं. पाण्यातलं शेवाळ आणि बारीक जीव खाऊन खाऊन हळूहळू गुलाबी होतं. रंग अन्नातून येतो, ओरडून येत नाही. दूरवर झोळीवाले पक्षी, म्हणजे पेलिकन, तरंगत होते. जुन्या वेदींवर पेलिकन आपली छाती फोडून पिल्लांना रक्त पाजताना कोरलेला असतो, प्रभू येशूचं चिन्ह म्हणून. खरा पक्षी तसं करत नाही. तो नुसती झोळी उघडतो, आणि पिल्लू आपलं डोकं आत घालून खातं.

रात्रीच्या गाडीत झोप आली नाही. बायबल उघडून मत्तयाचा सातवा अध्याय पुन्हा वाचला. प्रभू तिथे वाळूला वाईट म्हणत नाही. तो सांगतो, जो माझी वचनं ऐकतो पण त्याप्रमाणे वागत नाही, तो वाळूवर घर बांधणारा. म्हणजे कोण? अठरा वर्षं ती वचनं ऐकणारी, ऐकवणारी आणि एका बापाला सगळ्यांसमोर लाजवणारी मी. परातीतलं घर माझं होतं.

परतल्यावर तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. दार आजींनी उघडलं. त्याला म्हटलं, "दादा, माझं चुकलं. सगळ्यांसमोर बोलले, तर माफीही सगळ्यांसमोर मागेन." तो म्हणाला, "राहू द्या बाई, चहा घ्या." मुलगी तेलुगूत काहीतरी म्हणाली आणि माझ्याशेजारी येऊन बसली. मी तिला फोनमधला मर्यादवेलीचा फोटो दाखवला आणि नाव सांगितलं. तिने ते दोनदा म्हणून पाहिलं.

फेब्रुवारीच्या मिस्सेला ते आले नाहीत. मार्चमध्ये आले. मुलगी इंग्रजी वर्गातच आहे, पण चौथ्या रविवारी आमच्यात येऊन बसते. आता गोष्ट मी मराठीत सांगते, प्रश्न मुलांनी कुठल्याही भाषेत विचारावेत. त्या रविवारी आम्ही सव्वीस जण होतो. बैठकीत प्रश्न पुन्हा निघेल. निघू दे.

या आठवड्यात स्वतःला एक विचारू या: माझ्या घराच्या, माझ्या मंडळीच्या मर्यादेला आत यायला तोंड उरलं आहे का?

हे प्रभू, तू समुद्राला वाळूची मर्यादा घातलीस. आम्हा सुट्या कणांना तुझ्या प्रीतीच्या वेलीने धरून ठेव. आम्ही गाडले गेलो तर पुन्हा वर येण्याचं बळ दे. आमच्या जिभेने ज्यांना दूर लोटलं त्यांच्या दारी जायला आमचे पाय वळव, आणि आमची तोंडं बुजू देऊ नकोस. आमेन.