वाळवी लागलेलं घर घ्यावं का?

बंगळुरूच्या बसवनगुडीत जुनं घर विकायला निघालं की भाव ठरतो तो साइटचा. चाळीस बाय साठ आहे का, पालिकेच्या नोंदीतला खाता कुणाच्या नावावर, तीस वर्षांचा बोजा-दाखला (ईसी) मिळेल का, हे सगळं खोदून विचारतात. उभ्या घराकडे कुणी पाहिलंच, तर चौकटीवर चढलेली मातीची रेघ दाखवायला. ‘वाळवी आहे, पाडावंच लागेल.’ या एका वाक्यात किंमतही पडते आणि पुढे घरही. मी घरं तपासते, औषध मारण्याचा धंदा करत नाही. म्हणून ठामपणे सांगू शकते की वाळवी दिसणं आणि घर निकामी होणं यांत फार मोठं अंतर आहे. ते मोजल्याशिवाय ना विकावं, ना घ्यावं.

हा भाग 1890 च्या दशकात आखला गेला आणि 1898 च्या प्लेगनंतर जुन्या पेठेतल्या दाटीतून लोक इकडे आले. त्यानंतरच्या काही दशकांत इथे बांधलेल्या घरांत लाकूड भरपूर: खिडक्यांवरच्या टोकदार लाकडी छज्जांच्या (मंकी टॉप) झडपा, सागाच्या चौकटी, आणि मद्रास टेरेसच्या छताखालच्या तुळया, ज्यांवर पातळ विटा उभ्या लावून वर चुन्याचा कोबा केलेला असतो. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही. बाहेरचं फिकं लाकूड मात्र तिला चालतं. त्यामुळे या घरांत मला अनेकदा उलटं चित्र दिसतं. जुनी चौकट खणखणीत, आणि अलीकडे बसवलेलं प्लायवूडचं कपाट आतून पोकळ!

बंगळुरूच्या लाल मातीत ओडोंटोटर्मिस प्रजातीतली वाळवी सर्रास आढळते. ती राहते जमिनीत. लाकूड कुरतडून खाली नेते आणि त्यावर बुरशी वाढवते. पावसाळ्यात वारुळापाशी उगवणारी अळंबी त्याच बुरशीची. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी इथल्या दोड्ड बसवण्णाच्या देवळापाशी कडलेकाई परिषे, म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा, भरते. तिथे शेंगा घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांनाही वाळवीचा जाच ठाऊक आहे, कारण ती भुईमुगाची मुळं आणि शेंगाही पोखरते. म्हणजे तिचं मूळ पाहायचं तर लाकूड सोडून जमिनीकडे आणि ओलीकडे पाहायला हवं.

म्हणून मी तपासणी बाहेरून सुरू करते. जोत्याला लागून ठेवलेली जुनी लाकडं, नारळाची सोडणं, पाण्याची गळणारी जमिनीखालची टाकी, न्हाणीघराचं फुटलेलं आउटलेट. मग आत. गांधी बाजारजवळच्या एका घरात घेणाऱ्यांना एजंटाने ‘सगळं पोखरलंय’ असं सांगितलं होतं. मी पेचकसाच्या मुठीने एकेक चौकट खालपासून वर ठोकत गेले. आवाज भरीव. कपाट भिंतीपासून ओढायला लावलं, तेव्हा मागच्या प्लायवर बोटभर रुंद मातीची नळी दिसली, वर जाऊन तिला फाटे फुटलेले. पेचकसाचं टोक टेकवलं तर रंगाचा पापुद्रा फाटून ते सरळ आत गेलं. नळी मधोमध वीतभर मोडली आणि तशीच ठेवली. पुढच्या आठवड्यात पाहिलं तर मोडलेली जागा ओल्या, गडद मातीने पुन्हा लिंपलेली होती. वाळवी जिवंत, आणि येणं न्हाणीघराच्या भिंतीतून. तिथला ट्रॅप झिरपत होता. खर्च कपाटाचा, प्लंबिंगचा आणि औषधाचा होता. घर पाडण्याचं त्यात काहीच नव्हतं.

नळी कोरडी राहिली तर मात्र घाईने ‘वाळवी मेली’ म्हणू नये. वाट बदलून ती दुसरीकडून चढू शकते. वळवाच्या पावसानंतर उडणाऱ्या वाळवीचे पंख दिव्याच्या झाकणात, खिडकीच्या खाचेत साठलेले असतात, तेही पाहावेत. आणि सगळ्या घरात एकाच चौकटीला ताजा रंग दिसला तर तिथे जास्त वेळ द्यावा.

एका जागी मी अजिबात सूट देत नाही: तुळईचं भिंतीत गेलेलं टोक. गच्चीचं पाणी कठड्याशी मुरलं की टोक भिजतं, कुजतं, आणि मग वाळवीही तिथवर पोचते. छताचा भार त्याच टोकावर. तिथे पोकळ आवाज आला की स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, आणि भावाची बोलणी तोवर थांबवा.

उपचाराला भारतीय मानक आहे: आयएस 6313, भाग 3. जोत्यालगत सुमारे 300 मिलिमीटर अंतरावर 12 मिलिमीटरची भोकं पाडून प्रत्येकात जास्तीत जास्त एक लिटर द्रावण सोडतात. रेड ऑक्साइडच्या फरशीला भोक पाडायचं म्हणजे जिवावर येतं, त्यामुळे आतली भोकं कुठे हवीत हे तपासणीवरून ठरावं. फुकट तपासणारा औषधवालाच असेल तर तो सगळीकडे भोकं सुचवण्याची शक्यता जास्त. तपासणारा आणि औषध मारणारा वेगळा ठेवा.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या गृहकर्जासाठी बऱ्याच राज्यांत वाळवीचा अहवाल लागतो. आपल्याकडे तशी सक्ती नाही, बँकेचा मूल्यांकनकारही कपाट ओढून पाहत नाही. पण 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 55 विकणाऱ्यावर एक जबाबदारी टाकतं: त्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने न सापडणारा मोठा दोष सांगावा लागतो. तेव्हा विकणाऱ्यांनीही अहवाल आधीच करून घ्यावा. तो हातात असला की ‘पाडावंच लागेल’ म्हणणाऱ्याला पानावर बोट ठेवून उत्तर देता येतं. घेणाऱ्यांनी अ‍ॅडव्हान्स देण्याआधी तपासणी मागावी, कपाटं हलवण्याची परवानगी घ्यावी, आणि दुरुस्ती कोण करणार, औषधाची हमी नव्या मालकाच्या नावावर होणार का, हे साठेखतातच लिहून घ्यावं.